लिंग चार तासांहून जास्त ताठ राहिलं तर थांबू नका. विंचूदंश, सिकलसेल आणि गोळ्यांमुळे येणाऱ्या या आणीबाणीची माहिती

पनवेल : छातीत दुखलं की माणूस दवाखान्यात जातो. साप चावला की अख्खी वाडी गाडी शोधायला धावते. पण लघवीच्या जागेचं दुखणं असलं की माणूस कोणाला सांगत नाही. रात्रभर सहन करतो, सकाळी बघू म्हणतो, सकाळी संध्याकाळवर ढकलतो. लिंग ताठ होऊन उतरतच नाही, हा त्रास असाच लपवला जातो. डॉक्टरी भाषेत याला 'प्रायापिझम' म्हणतात. हा त्रास चार तासांच्या पुढे गेला की ती आणीबाणी असते. वेळेत सुई लागली तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. दीड-दोन दिवस अंगावर काढलं तर कायमची नपुंसकता येण्याची भीती मोठी असते.

रायगड जिल्ह्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. आपल्या कोकणात लाल विंचू चावल्यावर दिसणाऱ्या धोक्याच्या लक्षणांत हे एक महत्त्वाचं लक्षण आहे. लहान मुलात ते दिसलं तर प्रश्न लिंगाचा नसतो, जिवाचा असतो. म्हणून ही माहिती पुरुषांइतकीच घरातल्या आयाबहिणींनीही वाचायला हवी.

नेमकं होतं काय?

लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन लांब नळ्या असतात. उत्तेजना आली की त्यात रक्त भरतं, बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि लिंग ताठ होतं. उत्तेजना संपली की शिरा मोकळ्या होतात, रक्त निघून जातं. हे रोजचं, निरोगी काम आहे.

या आजारात रक्त आत येतं, पण बाहेर जायची वाट बंदच राहते. शेतात पाणी घेतलं आणि निचऱ्याचा चर बुजला तर जे होतं, तेच इथं होतं. पाणी साचून मुळं सडतात, तसं इथं अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, रक्त काळं आणि घट्ट होतं, आतलं मांस उपाशी पडतं. म्हणूनच दुखायला लागतं. आधी ताण जाणवतो, मग ठणका सुरू होतो आणि नंतर हातही लावू देत नाही.

ओळखायच्या खुणा अशा :

- मनात कसलीही इच्छा नसताना लिंग ताठ राहतं, किंवा संबंध झाल्यावरही उतरत नाही.
- दांडा कडक असतो, पण टोकाचा भाग तुलनेनं मऊ राहतो.
- वेळ जाईल तसं दुखणं वाढतं.
- काही जणांना लघवी करायला त्रास होतो.

सकाळी उठताना येणारी ताठरता हा आजार नाही. लघवी करून आलं, थोडं हिंडलं की ती जाते. तान्ह्या बाळाला लघवी तुंबली की लिंग थोडं ताठ होतं, तेही साधं आहे. बाळ खेळत असेल, पीत असेल, लघवी झाल्यावर सगळं पूर्ववत होत असेल तर घाबरायचं कारण नाही.

घड्याळाचा हिशोब

जगभरातले डॉक्टर चार तासांची रेघ धरतात. त्यामागं कारण आहे.

पहिल्या चार तासांत बहुतेक वेळा आतल्या मांसाला कायमची इजा झालेली नसते. या वेळात पोचलेल्या माणसाचं काम सुईनं रक्त काढून आणि एखाद्या इंजेक्शननं भागण्याची शक्यता चांगली असते. बारा तासांच्या आसपास आतल्या पेशींत बिघाड दिसू लागतो. चोवीस तासांनंतर तो वाढत जातो. ३६ ते ४८ तासांनंतर आतला स्पंज मरून त्या जागी जून, कडक मांस तयार होतं. त्यानंतर लिंग उतरलं तरी पुढं नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा फार थोडी उरते.

याचा अर्थ असा नाही की घड्याळ लावून चार तास घरात बसायचं. पनवेल शहरात राहणाऱ्याला रुग्णालय पंधरा मिनिटांवर असेल, पण माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतून, खालापूरच्या किंवा सुधागडच्या आतल्या पाड्यातून निघालेल्याला डांबरी रस्ता गाठायलाच तास जातो. दोन तास झाले, दुखायला लागलंय आणि उतरायचं चिन्ह नाही, असं असेल तर गाडीची व्यवस्था तेव्हाच करायची. वाटेत उतरलं तर चांगलंच, भाडं वाया गेलं म्हणून हळहळायचं कारण नाही.

विंचू चावला आणि हे लक्षण दिसलं तर

आता आपल्या मातीतली गोष्ट. कोकणात दोन प्रकारचे विंचू लोकांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. एक मोठा, काळा, दिसायला भयंकर. तो चावला की आग होते, पण सहसा जीव जात नाही. दुसरा आकारानं लहान, लालसर, दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, सरपणात, कौलांत दडणारा. खरा धोका या लाल विंचवाचा आहे.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा विंचूदंशानं माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत जात होती. विंचवानं मरण येतं कसं, हेच तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. चावल्यावर उलटी, अंगाला दरदरून घाम, हातपाय गार पडणं आणि पुरुष रुग्णात लिंग ताठ होणं, ही लक्षणं एकत्र दिसली की पुढं हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होतो, हे त्यांनी १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. म्हणजे जे लक्षण सांगायला घरचे लाजतात, ते महाडच्या डॉक्टरांनी जगाला धोक्याची घंटा म्हणून दाखवलं.

यामागचं कारण असं. लाल विंचवाचं विष शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या नसांना एकदम चेतवतं. हृदय, घाम, लाळ, रक्तवाहिन्या, लघवीची जागा, या सगळ्यांचं काम ज्या नसा बघतात, त्यांचा ताबा सुटतो. उलटी, घाम, लाळ आणि लिंगाची ताठरता ही त्या वादळाची सुरुवात. त्यानंतर रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. खोकला, धाप आणि तोंडाला गुलाबी फेस आला म्हणजे वेळ फारच थोडा उरला आहे.

डॉ. बावस्करांनी पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि १९८६ मध्ये तीही माहिती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर विंचूदंशाच्या दर शंभर रुग्णांत पंचवीस-तीस जण दगावत. नंतर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. ७० रुग्णांच्या त्या अभ्यासात नुसत्या प्राझोसिननं सरासरी सुमारे १८ तास लागत होते, तिथं दोन्ही दिल्यावर सुमारे १० तासांत रुग्ण बरे झाले. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

घरच्यांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे :

- विंचू चावल्यावर नुसतं चावलेल्या जागी भयंकर दुखत असेल आणि बाकी काही नसेल, तरी रुग्णावर लक्ष ठेवून दवाखान्यात न्या.
- उलटी, घाम, गार हातपाय, लाळ किंवा मुलाचं लिंग ताठ झालेलं दिसलं तर ती गंभीर विषबाधा समजा. इथं चार तासांचा नियम नाही. लगेच निघायचं.
- मुलाची चड्डी सैल करून एकदा बघा. त्यात लाज धरू नका. डॉक्टरांना हे लक्षण स्पष्ट शब्दांत सांगा.
- चिंचोका घासून चिकटवणं, कांदा चोळणं, रॉकेल लावणं, मंत्र टाकून विंचू उतरवणं यात वेळ घालवू नका. काळ्या विंचवाचं दुखणं काही तासांनी आपोआप कमी होतं आणि श्रेय मांत्रिकाला मिळतं. लाल विंचवाच्या बाबतीत तेच तास जिवावर बेततात.
- विंचूदंशात लिंगावर वेगळे उपचार सहसा लागत नाहीत. विष आटोक्यात आलं की ताठरता जाते. म्हणून तेल, बर्फ, पट्टी असलं काही लिंगाला करत बसू नका. प्राझोसिनही घरी अंदाजानं देऊ नका. वजन आणि रक्तदाब बघून ती डॉक्टरांनीच द्यायची असते.

सिकलसेलचे रुग्ण : मुलांकडे लक्ष हवं

विंचू सोडला तर तरुण मुलांत या त्रासाचं मोठं कारण म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा, आई-बापाकडून येणारा आजार. यात गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातापायात अडकल्या तर सांधे ठणकतात, लिंगाच्या शिरांत अडकल्या तर लिंग उतरत नाही.

महाराष्ट्रात विदर्भातले जिल्हे, नंदुरबार आणि ठाणे-पालघरचा आदिवासी भाग इथं सिकलसेल जास्त आढळतो. पनवेल परिसरात वीटभट्टी, बांधकाम, गोदामं आणि कारखान्यांत काम करायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबं आली आहेत. त्यामुळे हा आजार आमच्याकडे नाही असं म्हणून चालणार नाही. आदिवासी वाड्यांतल्या कुटुंबांनीही तपासणी करून घ्यावी. २०४७ पर्यंत सिकलसेल हटवण्याचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं आहे. तपासणीसाठी थोडंसं रक्त पुरतं. आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचारलं की माहिती मिळते.

सिकलसेल असलेल्या मुलात हा त्रास बऱ्याचदा झटक्याझटक्यानं येतो. रात्री झोपेत किंवा पहाटे लिंग ताठ होऊन दुखतं, तासा-दोन तासांत उतरतं, आठ दिवसांनी परत येतं. शाळकरी पोरगा हे आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच. हे छोटे झटके पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असतात. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाला वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीच घरातल्या कुणी तरी, वडिलांनी, काकांनी किंवा मोठ्या भावानं, नीट सांगून ठेवावं : असं झालं तर तुझी काही चूक नाही, आम्हाला उठव.

अशा झटक्यात भरपूर पाणी पाजणं, लघवी करायला लावणं, थोडं चालवणं, अंग गरम ठेवणं आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली दुखण्याची गोळी देणं याचा उपयोग होऊ शकतो. बर्फ मात्र अजिबात लावायचा नाही, कारण थंडीनं वाकड्या पेशी आणखी अडकतात. उतरलं नाही तर रुग्णालय. उतरलं तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे झटके कमी करणारी औषधं ठरवता येतात. हायड्रॉक्सियुरियासारखी चालू गोळी असेल तर ती मनानं बंद करू नये.

सिकलसेल नसतानाही काही वेळा रक्ताच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण म्हणून हा त्रास दिसतो. म्हणून लिंग उतरल्यावर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, ती तपासणी टाळू नका.

गोळ्या, इंजेक्शनं आणि रस्त्याकडेचे तंबू

मोठ्या माणसांत औषधं हे वारंवार दिसणारं कारण आहे. त्याचे तीन-चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार मानसिक आजारावरच्या आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचा. ट्राझोडोन आणि क्लोरप्रोमाझिन ही त्यातली माहितीतली नावं. या गोळ्या वाईट नाहीत, लाखो लोक त्या घेऊन नीट जगतात. हा दुष्परिणाम क्वचितच होतो. पण झाला तर गोळ्यांचं पाकीट घेऊन रुग्णालयात जायचं. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांशी बोलूनच ती बदलायची.

दुसरा प्रकार लिंगात थेट टोचायच्या इंजेक्शनांचा. नपुंसकतेवर तज्ज्ञ डॉक्टर ती मोजून देतात आणि उतरलं नाही तर काय करायचं हेही सांगतात. पण भिंतीवर, रेल्वे फाटकाजवळ 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशी पाटी रंगवून बसलेल्या माणसाकडून सुई घेतली तर मात्रा किती, औषध कोणतं, काहीच कळत नाही. रात्री लिंग उतरलं नाही तर तो फोनही उचलत नाही.

तिसरा प्रकार ताकदीच्या गोळ्यांचा. सिल्डेनाफिलची गोळी एकटी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतली तर हा त्रास क्वचित होतो. पण दुकानातून चिठ्ठीशिवाय घेऊन दोन-दोन खाणं, त्यावर दारू पिणं, वर आणखी इंजेक्शन घेणं, असं झालं की धोका वाढतो. छातीदुखीसाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो, ती भीती वेगळीच.

चौथा प्रकार 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या, कॅप्सूल आणि जडीबुटीचा. अशा काही मालात याच इंग्रजी गोळ्यांची पूड मिसळलेली सापडली आहे. पुडीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तर ती घेऊ नये.

गांजा, दारू आणि इतर नशेनंही हा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. डॉक्टर पोलीस नाहीत. काय घेतलं होतं हे कळलं तरच उपचार बरोबर होतो.

झाडावरून पडल्यावर, मार बसल्यावर

आंबे काढताना, नारळ-सुपारीच्या झाडावरून किंवा बांधकामावरून माणूस उंचावरून पडला आणि पडल्यावर त्याचं लिंग ताठ झालेलं दिसलं, तर तो पाठीचा कणा दुखावल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी त्याला उठवून बसवायचं नाही, खांद्यावर टाकायचं नाही, दुचाकीवर दोघांच्या मध्ये तर मुळीच बसवायचं नाही. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर सरळ निजवूनच हलवायचं. १०८ ला फोन करून 'उंचावरून पडलाय, पाठीला मार आहे' असं सांगायचं.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. सायकलच्या दांडीवर, मोटारसायकलच्या टाकीवर किंवा फळीवर दोन पायांच्या मध्ये जोरात आदळल्यावर आतली रक्तवाहिनी फुटून लिंग अर्धवट ताठ राहू शकतं. ते फारसं दुखत नाही आणि पूर्ण कडकही नसतं. यात ताजं रक्त खेळत असतं, म्हणून मांस लगेच मरत नाही. घाई तेवढी नसली तरी तपासणी लागतेच. हा प्रकार आहे की पहिला, हे घरी ठरवायचं नाही. सोनोग्राफी आणि लिंगातल्या रक्ताची तपासणी करून ते डॉक्टर ठरवतात.

रुग्णालयात काय करतात?

'कापतील' या भीतीनं अनेक जण जात नाहीत. म्हणून क्रम माहीत असलेला बरा.

आधी डॉक्टर किती वाजता सुरू झालं ते विचारतात, तपासतात आणि लिंगातून थोडं रक्त काढून त्यात प्राणवायू किती आहे ते बघतात. मग जागा बधिर करून सुईनं साचलेलं काळं रक्त ओढून घेतात, गरज पडली तर सलाईननं धुतात. त्यासोबत फिनाइलेफ्रिन नावाचं औषध अगदी थोड्या मात्रेत, रक्तदाब आणि नाडी बघत बघत टोचतात. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि लिंग उतरतं. लवकर आलेल्या बऱ्याच रुग्णांचं काम इथंच संपतं.

एवढ्यानं भागलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया करून अडकलेल्या रक्ताला बाजूची वाट काढून देतात. निचऱ्याचा नवा चर खणण्यासारखंच ते आहे. फार उशीर झालेला असेल तर पुढं कृत्रिम आधार बसवण्याचा पर्याय काही तज्ज्ञ सांगतात. सिकलसेलच्या रुग्णाला याच्या जोडीनं सलाईन, प्राणवायू, दुखण्याचं औषध आणि गरजेनुसार रक्त दिलं जातं. पण रक्त चढवायची वाट बघत लिंगाचा उपचार थांबवायचा नसतो.

घरून निघताना

हे करा :

- सुरू झाल्याची वेळ कागदावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
- लघवी करून बघा, पाणी प्या, थोडं चाला. पण यात तास घालवू नका.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, सिकलसेल कार्ड, जुने रिपोर्ट सोबत घ्या.
- सैल कपडे घाला, सोबत एक माणूस घ्या.

हे करू नका :

- संबंध करून किंवा हातानं 'मोकळं होईल' असं समजू नका. त्यानं रक्त आणखी भरतं.
- दोरी, रबर, घट्ट पट्टी बांधू नका.
- ब्लेड, सुई, काटा टोचून रक्त काढू नका.
- गरम तेलाची मालीश किंवा कसलाही लेप लावू नका.
- झोप लागावी म्हणून दारू पिऊ नका.

कुठं जायचं?

पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. विंचूदंशात तर हीच पायरी जीव वाचवते. उपचार सुरू करून मग पुढं पाठवता येतं. विंचूदंश नसेल आणि दुखणं वाढत असेल तर शल्यचिकित्सक किंवा मूत्ररोगतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. आपल्या भागात पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, कामोठ्याचं एमजीएम रुग्णालय आणि मुंबईत सायन, केईएम, जे. जे. ही नावं लोकांच्या माहितीची आहेत. निघण्यापूर्वी फोन करून 'आता तज्ज्ञ आहेत का' हे विचारलं तर एक फेरा वाचतो. गाडी नसेल तर १०८ रुग्णवाहिका फुकट मिळते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं. कागद सापडत नाहीत म्हणून मात्र निघायचं थांबवू नये, ते मागून कुणीही आणू शकतं.

काउंटरवर बोलायचं कसं?

खरी अडचण इथंच येते. केसपेपरच्या खिडकीत रांग असते, मागं ओळखीचा माणूस उभा असतो. 'पोटात दुखतंय' असं सांगितलं जातं आणि माणूस दोन तास बाकावर बसतो. एवढंच म्हणा : 'लघवीच्या जागेची इमर्जन्सी आहे, चार तास होऊन गेलेत, डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचंय.' तेही जमत नसेल तर मोबाईलवर लिहून दाखवा : 'प्रायापिझम, इतके तास.' हा शब्द डॉक्टरांना आणि परिचारिकांना कळतो.

घरच्यांनी, मित्रांनी यावर हसू नये. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला मजा वाटत नसते, तो वेदनेनं तळमळत असतो. त्याचं लग्न व्हायचं असेल, लेकरू व्हायचं असेल, तर त्या रात्री केलेल्या एका चेष्टेपायी तो गप्प बसेल आणि त्याचं आयुष्यभराचं नुकसान होईल.

थोडक्यात

- लिंग चार तासांहून जास्त ताठ राहून दुखत असेल तर ती आणीबाणी. गाव लांब असेल तर दोन तासांतच निघा.
- विंचू चावल्यावर मुलाचं किंवा पुरुषाचं लिंग ताठ झालं, घाम, उलटी, गार हातपाय असले तर लगेच दवाखाना. मंत्र, चिंचोका नको.
- सिकलसेलच्या मुलांना हा त्रास आधीच समजावून सांगा. बर्फ लावू नका.
- उंचावरून पडलेल्या माणसात हे दिसलं तर पाठीचा कणा सांभाळून हलवा.
- काय खाल्लं, काय टोचून घेतलं, ते डॉक्टरांना खरं सांगा.
- रुग्णवाहिकेसाठी १०८.